आधी प्रोजेक्टर, मग पायाभरणी

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या एका कलादालनात व्हिडिओ कलेचं प्रदर्शन पाहायला गेलो. अंधारी खोली, पांढरी भिंत, भिंतीवर निळा चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात ‘नो सिग्नल’ ही अक्षरं. रखवालदाराला विचारलं. "ऑपरेटर सोमवारी येतील," तो म्हणाला. प्रदर्शन रविवारी संपणार होतं. कुणीतरी वर्षभर खपून केलेलं काम त्या निळ्या चौकोनामागे राहिलं. मला संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

अशा वेळी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या वुड स्ट्रीटवरचं ‘फॅक्ट’ नावाचं कलाकेंद्र आठवतं. नव्या माध्यमांची कलादालनं आणि चित्रपटगृह एकाच छपराखाली बांधलेली. दालनं पाहायला पैसे पडत नाहीत. सिनेमाचं तिकीट काढलं, वीस मिनिटं हाताशी आहेत, म्हणून माणूस शेजारच्या दालनात डोकावायचा. व्हिडिओ कलेला नवा प्रेक्षक असाच मिळतो. २२ फेब्रुवारी २००३ रोजी हे केंद्र उघडलं. खास कलेसाठी बांधलेलं केंद्र त्या शहराला साठहून अधिक वर्षांनी मिळालं होतं.

आपली शिष्टमंडळं अशा इमारतींचे फोटो काढून आणतात आणि तसाच आराखडा मागतात. इमारतीआधीची वर्षं फोटोत येत नाहीत.

‘फॅक्ट’ उभारणारी मंडळी आधी ‘मोव्हिओला’ नावाची लहान संस्था चालवत होती. १९८९ मध्ये त्यांनी ‘व्हिडिओ पॉझिटिव्ह’ महोत्सव सुरू केला, तोही दुसऱ्यांच्या दालनांत. व्हिडिओ कलेचं घोडं अडतं ते यंत्रापाशी. चित्र खिळ्याला टांगलं की झालं. इथे प्रोजेक्टर लागतो, वायरी ओढाव्या लागतात आणि रोज सकाळी येऊन सगळं सुरू करणारा माणूस लागतो. म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ‘माइट्स’ ही सेवा उभी केली: कलाकारांना आणि दालनांना उपकरणं पुरवायची, ती चालवणारं तांत्रिक बळ द्यायचं. स्वतःची इमारत अजून अकरा वर्षं दूर होती!

मला सर्वांत भावलेली गोष्ट १९९९ची. ‘सुपरफ्लेक्स’ या डॅनिश कलाकारगटाला घेऊन ही मंडळी कोरोनेशन कोर्ट या जुन्या उंच इमारतीत गेली. तिथले भाडेकरू बहुतेक उतारवयाचे. शहरातल्या अशा इमारती पाडायच्या की दुरुस्त करायच्या, हा तेव्हाचा प्रश्न. कॅमेरा त्या भाडेकरूंच्या हाती दिला गेला आणि त्यांचीच इंटरनेट वाहिनी सुरू झाली, ‘टेनंटस्पिन’. यूट्यूब यायला तेव्हा सहा वर्षं होती. आजी-आजोबा कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या घरांचं काय होणार, यावर बोलू लागले. नवं माध्यम म्हणजे काय, हे मला तिथे कळतं.

आपण नेमके उलटे चालतो. आधी भूमिपूजन, मग कोनशिला, मग उद्‌घाटन, आणि ऑपरेटरची जागा रिकामी. हा पैशांचा प्रश्न नाही. संगमरवराला पैसे निघतात, तर प्रोजेक्टरच्या दिव्यालाही निघू शकतात.

तुमच्या नगरसेवकानं उद्या नव्या कलाभवनाचं चित्र दाखवलं, तर घुमटाची उंची विचारू नका. प्रोजेक्टर कोण चालवणार, त्याचा पगार कुठून निघणार आणि तो रविवारी असणार का, एवढं विचारा.