निवडीचं स्वातंत्र्य

नागापूर एमआयडीसीच्या फाटकासमोर पोरं बारावीनंतर दोन अर्ज भरतात. एक कंपनीचा, एक कॉलेजचा. पहिला एका पानात आटोपतो. दुसरा भरायला सायबर कॅफेवाला लागतो, आणि तोही मध्येच डोकं खाजवतो.

पूर्वी बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. म्हटलं की भागत असे. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली. सत्राला साधारण २२ क्रेडिट, आणि थिअरीच्या क्रेडिटमागे १५ तास. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचा घ्यायचा, म्हणजे वाणिज्यवाल्यानं विज्ञान चाखायचं. कल्पना झकास! कागदावर यादी लग्नाच्या पंगतीएवढी लांब. प्रत्यक्षात ज्या सरांचा तास रिकामा, तोच विषय ‘विद्यार्थ्यांच्या आवडीचा’ ठरतो. तासिका तत्त्वावरचे सर तर पुढच्या सत्रात असतील की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसतं.

खरी गंमत याच अभ्यासक्रमातल्या ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ची. सेकंड शिफ्टला प्रेस मशीनवर उभं राहून रात्री हाताचं ग्रीस रॉकेलनं धुणाऱ्या पोराला कॉलेजात विचारतात, ‘‘उद्योगाचा काही अनुभव?’’ तो म्हणतो, ‘‘दोन वर्षं कंत्राटी हाय ना सर.’’

‘‘ते चालत नाही. सही-शिक्क्याचं पत्र आण.’’

आणि पत्र कोण देणार? पगाराची पावतीसुद्धा न देणारा कंत्राटदार.