हजारांत एक

अमेरिकेतल्या शस्त्रांच्या प्रदर्शनात हा गृहस्थ लांबूनच ओळखू येतो. एका खिशात भिंग, दुसऱ्यात चिमुकली बॅटरी, हातांत पांढरे सुती मोजे आणि चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्या वरपक्षाचा संशय. टेबलावर पन्नास बंदुका मांडलेल्या असोत, तो शोधत असतो ती १८७३ मॉडेलची एकच विंचेस्टर रायफल. नळीवर 'वन ऑफ वन थाउजंड' असं कोरलेली.

भानगड अशी, की १८७५च्या कॅटलॉगात विंचेस्टर कंपनीने जाहीर केलं : चाचणीत ज्या नळ्यांचा नेम विलक्षण अचूक ठरेल त्या आम्ही बाजूला काढू, त्यांच्या रायफलींना खास हलका चाप बसवू, जास्तीची सफाई देऊ आणि वर ही अक्षरं कोरू. किंमत शंभर डॉलर. त्याखालोखालच्या नळ्यांवर 'वन ऑफ वन हंड्रेड', त्याचे नेहमीच्या दरावर वीस डॉलर. जाहिरात झकास होती. पण मग उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव कशा आहेत, हे गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगायचं? योजना लवकरच गुंडाळली गेली. १८७३ मॉडेलच्या 'हजारातल्या' दीडशेसुद्धा भरल्या नाहीत, आणि 'शंभरातल्या' तर निघाल्या आठ. म्हणजे दुय्यम माल अव्वल मालापेक्षा दुर्मिळ! हा हिशेब आपला गृहस्थ कुणालाही, न विचारता समजावतो.

१९५०मध्ये या रायफलीवर सिनेमा आला, जेम्स स्टुअर्टचा 'विंचेस्टर ७३'. प्रसिद्धीसाठी स्टुडिओने शिल्लक रायफलींचा शोध जाहीर केला आणि लोक माळे उपसू लागले. गृहस्थाने तो सिनेमा कितीतरी वेळा पाहिला आहे. पण एका रायफलीपायी माणसं पटापट मरतात त्याचं त्याला काही वाटत नाही. ती उघडी, धुळीतून आणि खडकांतून फिरवतात, तेव्हा मात्र त्याच्याने बघवत नाही.

मूळच्या निळ्या झिलईवर त्याचा फार जीव. आजोबांची रायफल कुणी हौसेने घासूनपुसून लख्ख केली असं कळलं, की तो खून पाहिल्यासारखा गप्प होतो. नवी नक्षी दिसली तर आवाज न करता हसतो. साध्या १८७३ सात लाखांवर निघाल्या. त्यातल्या एखादीवर चार अक्षरं कोरून घेणाऱ्यांची या धंद्यात वाण नाही. म्हणून तो पत्रिका मागतो. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या शस्त्रसंग्रहालयात कंपनीच्या जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांक कळवला, पैसे भरले, की रायफल कारखान्यातून काय काय लेवून निघाली त्याचं पत्र मिळतं. ते पत्र तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. रायफल घरी असते.

मला विचाराल तर माँटानातल्या एखाद्या गुराख्याने वापरून वापरून दस्ता गुळगुळीत केलेली रायफल जास्त देखणी. हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. तिथला नामांकित पशुपालक ग्रॅनव्हिल स्टुअर्ट याच्याकडेही हजारातली एक होती. त्याच्याबद्दल गृहस्थ आदराने बोलतो, आणि शेवटी "वापरली हो त्याने," असं पुटपुटतो.

कधी तो ती रायफल घेऊनच प्रदर्शनाला येतो. तिथल्या दारावर सुरक्षेसाठी बंदुकीला प्लास्टिकची पट्टी आवळतात. बाकीचे कुरकुरतात, हा पहारेकऱ्याचे मनापासून आभार मानतो. आता कुणी आगाऊ पोरगा तिचा चाप ओढून बघणार नाही.

तरी एक पोरगा आलाच. भिंग नाही, मोजे नाहीत, हातात सरबताचा पेला. दोन पावलं मागेच थांबून त्याने विचारलं,

"काका, नेम कसा आहे हिचा?"

गृहस्थाने आधी पेल्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

"तो कंपनीने बघितलाय," तो म्हणाला. "पंच्याहत्तर सालीच."