भाऊंच्या जीवितास धोका

भाऊंना नेमका कुणापासून धोका आहे, हे तालुक्यात कुणालाच ठाऊक नाही. भाऊंनाही नाही. पण धोका आहे हे नक्की. नाहीतर मागे पिस्तूलवाला पोलीस कशाला असता?

2017 च्या 1 मे रोजी पुढाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले, तेव्हापासून मोठेपण दाखवायला जिवंत माणूस लागतो. भाऊंचा हा माणूस पहिल्या आठवड्यात चहूकडे डोळ्यांत तेल घालून बघायचा. आता तो नातवाला बालवाडीत सोडतो, वहिनींचं दळण आणतो आणि लग्नात भाऊंच्या चपलांवर नजर ठेवतो. (खरा धोका चपलांनाच असतो, म्हणा.) फोटोच्या वेळी तो शिस्तीत बाजूला सरकला, की भाऊच त्याला दंडाला धरून चौकटीत ओढतात.

तरी भाऊ सुखी नाहीत. एक्स, वाय, वाय-प्लस, झेड, झेड-प्लस ही उतरंड त्यांना मनाच्या श्लोकांपेक्षा पक्की पाठ आहे आणि आपण तिच्या तळालाही नाही, हे शल्य त्यांना जेवू देत नाही. एकदा एका मंत्र्याबद्दल इंग्रजी पेपरात ‘बीफ्ड-अप सिक्युरिटी’ असं छापून आलं. भाऊ माळकरी. "सरकारी खर्चानं हेही सुरू केलं?" म्हणून कडाडले. इंजिनिअर मुलानं समजावलं, की बंदोबस्त वाढवला, एवढंच म्हणायचंय. भाऊ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग आपला कधी करतात बीफ्ड-अप?"

अडचण एकच. बंदोबस्त वाढवायचा तर गुप्तवार्ता विभागाच्या अहवालात धोका दिसावा लागतो आणि भाऊंच्या वाटेला कुणी जात नाही. सोसायटीचे थकबाकीदारसुद्धा त्यांना बघून रस्ता बदलतात. सत्ता पालटली, संरक्षणाचा आढावा निघाला आणि होता तो पोलीसही गेला. वहिनींचं दळण अडलं ते वेगळंच.

शेवटी भाऊंनी कट्टर विरोधक अण्णांना रात्री मळ्यावर बोलावलं. अण्णांचाही पोलीस त्याच आढाव्यात गेला होता. पिठलं-भाकरी झाली, सुपारी कातरली आणि दोघांनी एकमेकांपासून धोका असल्याचे अर्ज शेजारी बसून लिहिले.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. मजकूर तोच, फक्त नावं उलटसुलट. ‘जीवितास’ हा शब्द दोन्हीकडे ‘जिवीतास’ असा लिहिलेला, आणि दोन्ही कागदांवर पिठल्याचा डाग.