नव्याण्णव पॉइंट काहीतरी

इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रात एकच प्रश्न फिरतो : "ह्याला सीओईपी कॉम्प मिळेल का हो?" ह्याला म्हणजे शेजारी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेल्या मुलाला. तो काही बोलत नाही. त्याच्या वतीनं आई बोलते, बाबा बोलतात आणि १९८८ साली डिप्लोमा केलेले काका तर बोलतातच. "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा? मग सीओईपी विसरा. व्हीजेटीआय टाका." जणू मुंबईची व्हीजेटीआय ही पुण्याच्या सीओईपीत जागा नसलेल्यांची उतरायची सोय. दोन्हीकडे कॉम्प नव्याण्णवच्या बऱ्याच पुढे जातं. काकांनी कटऑफची यादी कधी उघडलेली नाही, पण मत द्यायला यादी कशाला लागते?

आजीचं वेगळंच. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा ऐकून तिला वाटतं, शंभरातला दीड मार्क गेला. पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात पीसीएमची सीईटी देणारी मुलं चार लाखांच्या वर. पर्सेंटाइलचा एक पॉइंट घसरला की पुढे चार हजार मुलं उभी. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा म्हणजे साधारण सहा हजारांच्या रांगेत शेवटी. त्यातली काही आयआयटी-एनआयटीला जातील, काही कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांच्या, वाटेलाच फिरकणार नाहीत, तेवढा मेरिट नंबर सुधारेल. पण "माझ्यापुढे काही हजार आहेत" असं सांगितलं तर पेढे कोण वाटेल? म्हणून घरोघरी पर्सेंटाइल सांगतात आणि मेरिट नंबर दडवून ठेवतात. खरा आकडा तोच.

आता त्या दशांश चिन्हाबद्दल. निकालपत्रावर चिन्हानंतर सात आकडे असतात. ९८.६०४७२१३. बघूनच छाती दडपते. एवढी सूक्ष्म मोजणी सोनारही करत नसेल. पण सीईटी अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल निघतं ते तुमच्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत. एका सत्रात समजा सत्तावीस हजार मुलं. म्हणजे एक मूल पुढे सरकलं की फरक पडतो ०.००३७ चा. त्याच्या खालचे आकडे कुणाची हुशारी मोजत नाहीत. भागाकार संपत नाही म्हणून ते येतात. तरी दोन सत्रांतल्या मुलांचा क्रम लावताना ते आकडे ग्राह्य धरले जातात, आणि मग एखाद्या घरात "पाचव्या दशांशानं घात केला" असं गंभीरपणे सांगितलं जातं. घात कसला, कुठल्या सत्रात किती पोरं बसली एवढाच हिशेब तो.

सत्रं सारखी नसतात हे तर २०२५ साली सगळ्यांनी पाहिलं. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी पेपरातले वीसेक प्रश्न चुकीच्या पर्यायांसह पडद्यावर आले. पन्नासातले वीसेक! सुमारे सत्तावीस हजार मुलांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. त्या मुलांनाही नंतर सात आकडी पर्सेंटाइलच मिळालं. अचूकतेत कसूर नाही.

तर "चान्स किती" हे ठरवायला लोक गेल्या वर्षीचा कटऑफ काढतात. तो पवित्र ग्रंथ. त्यावर बोट ठेवून वाचन चालतं : गेल्या वर्षी नव्याण्णव पॉइंट चारला बंद झालं, आपल्याला पॉइंट तीन, म्हणजे अगदी थोडक्यात हुकतंय, म्हणजे यंदा होईल. कटऑफ कॉलेजनं ठरवलेला असतो, अशी बहुतेकांची ठाम समजूत आहे. प्राचार्य खुर्चीत बसून "यंदा पॉइंट चार करू या" म्हणतात असं काहीतरी. कटऑफ कुणीच ठरवत नाही. लोकलच्या दारात शेवटी ज्याचा पाय टेकला त्याचं नाव कटऑफ. पुढच्या लोकलला किती गर्दी असेल, डबे किती लागतील, याचं उत्तर त्या पायाला विचारून काय उपयोग?

आणि डबे बदलतातच. एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या स्थितीतल्या कॉलेजांवरची प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा काढली, तेव्हा कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. त्याच २०२४ साली मराठा समाजासाठी एसईबीसीचं दहा टक्के आरक्षण आलं, त्यामुळे खुल्या वर्गाची रांग वेगळी झाली. त्याआधी २०१९ ला आर्थिक दुर्बलांसाठीचं ईडब्ल्यूएस आलं होतं. दरवेळी कालची यादी आजच्या मुलाला लावायची म्हणजे मोठ्या भावाचा गणवेश मापं न घेता चढवायचा. हो, चार-पाच वर्षांचे कटऑफ एकत्र ठेवले तर चढउताराचा अंदाज येतो. पण तेवढा वेळ कुणाला? आपण एकच वर्ष बघतो, आणि तेही आपल्याला सोयीचा राउंड निवडून. तिसऱ्या राउंडचा कटऑफ दाखवून पहिल्या राउंडची स्वप्नं रंगवणारे बाप मी पाहिलेत.

त्या यादीतली अक्षरं वाचता येणं ही तर स्वतंत्र विद्या. जीओपनएस, एलओपनएच, जीओबीसीओ. पहिलं अक्षर एल असेल तर मुलींसाठी राखीव, जी असेल तर सर्वांसाठी. शेवटचं एच असेल तर आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतला, ओ असेल तर बाहेरचा, एस असेल तर राज्यभराचा. आपलं विद्यापीठ कुठलं हे ठरतं बारावी कुठल्या जिल्ह्यातून पास झालात त्यावरून. कराडहून बारावी केलेलं पोर कोल्हापूरच्या विद्यापीठाचं. पुण्याच्या खासगी कॉलेजच्या यादीत त्यानं एचचा कटऑफ वाचून आनंद मानला तर तो आनंद दुसऱ्याच मुलाचा. अशा चुकीच्या रकान्यातून निघालेला आनंद आपल्याकडे दरवर्षी मोठ्या प्रमाणात साजरा होतो.

मग येतात प्रेडिक्टरवाले. पर्सेंटाइल टाका, प्रवर्ग टाका, मोबाइल नंबर टाका. (हा शेवटचा रकाना खरा, बाकीचे शोभेचे.) पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग येतो. "चान्स ७२ टक्के." हे ७२ कशाचे, हे विचारू नये. त्यामागे तीच गेल्या वर्षीची पीडीएफ, जी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिला रंग दिला की तिचं पॅकेज होतं, आणि पॅकेजमध्ये "तज्ज्ञांचं वैयक्तिक मार्गदर्शन" असतं. वैयक्तिक मार्गदर्शनाचा पहिला सल्ला सगळ्यांना सारखाच : "सेफ ऑप्शन वर टाका."

इथं मात्र जरा थांबू. सगळ्या गोंधळात मुलाच्या हातात खरोखर असलेली गोष्ट एकच, ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या क्रमानं लिहिलेली कॉलेजं आणि ब्रँचेस. आणि नेमका तोच आपण चान्सच्या नादात बिघडवतो.

जागा वाटणाऱ्या यंत्राचं काम अगदी सरळ असतं. मेरिट यादीतला पहिला घ्यायचा, त्याच्या यादीतलं वरचं जे शिल्लक असेल ते द्यायचं. मग दुसरा. मग तिसरा. तुमच्या मुलाचा नंबर आला की त्याची यादी वरून खाली वाचायची. जिथं त्याच्या हक्काची पहिली रिकामी जागा दिसली ती त्याची. वर आवाक्याबाहेरचं कॉलेज लिहिलं म्हणून यंत्र रागावत नाही. "आलाय मोठा सीओईपीवाला" असं मनात धरून खालचं कॉलेजही नाकारत नाही. पण घरात काय सांगतात? "वर उगाच मोठं टाकू नको, खालचं हातचं जाईल." हातचं जात नाही. नंबर आल्यावर जे रिकामं असेल ते कुणीही हिसकावत नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसाला हे पटवायला पंचावन्न मिनिटं लागतात आणि शेवटी तो म्हणतो, "तरीपण."

उलट भीतीपोटी सेफ कॉलेज वर चढवलं तर दंड मात्र खराखुरा. २०२५ च्या प्रवेशात नियम असा होता : पहिल्या राउंडला पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप गोठला. दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनातला मिळाला तरी तेच, तिसऱ्याला पहिल्या सहातला. घ्यायचा, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. बेटरमेंटची वाट बंद. म्हणजे ज्यानं "आधी काहीतरी पदरात पाडू, मग बघू" म्हणून घराजवळचं कॉलेज एक नंबरला टाकलं, त्याच्या पदरात ते पडलं आणि तिथंच राहिलं. पुढच्या राउंडला हवी ती जागा उघडली, ती मागच्या नंबरच्या मुलीनं घेतली. तिनं फॉर्म आवडीच्या क्रमानं भरला होता, एवढाच तिचा पराक्रम.

आवडीचा क्रम! हाच शब्द घरात भूकंप घडवतो. कारण तो ठरवायचा तर मुलाला विचारावं लागतं. कॉम्प हवंय की ते बाबांना हवंय? ब्रँच महत्त्वाची की कॉलेज? सीओईपीचं मेटलर्जी चांगलं की दुसरीकडचं आयटी? १८५४ साली सुरू झालेल्या कॉलेजात चार वर्षं घालवण्याची किंमत किती, आणि रोज दोन तास पीएमपीच्या बसमध्ये उभं राहण्याची किती? या प्रश्नांना प्रेडिक्टरमध्ये रकाना नाही. म्हणून घरातली मोठी माणसं सोपा मार्ग काढतात : कटऑफचा उतरता क्रम म्हणजेच आवडीचा क्रम. सगळ्यात जास्त कटऑफ, सगळ्यात जास्त आवड. पोराला आवड नेमकी तिथंच असणार जिथं बाकीच्यांनी गर्दी केलीय, हे गृहीतच.

ही गर्दी काही कायमची नसते, हेही गंमतशीर. काकांच्या काळात मेकॅनिकलला रांग होती आणि कॉम्प्युटरला "त्यात नोकऱ्या कुठायत?" असं विचारलं जायचं. दहा वर्षांपूर्वी राज्यात हजारो जागा रिकाम्या पडल्या, कॉलेजांनी तुकड्या बंद केल्या. आज एआय अँड डीएस हे तीन शब्द जोडले की कुठलीही जागा भरते. तिथले प्राध्यापक कालपर्यंत आयटी शिकवत होते, तेही बिचारे चान्स बघून आलेत.

चान्सचा आणखी एक मोठा भाग अभ्यासात नसतोच, तो सरकारी कार्यालयांत असतो. नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, जात पडताळणी. वर्षभर पोरानं त्रिकोणमिती घोटली आणि दाखला सेतूवाल्याच्या गठ्ठ्यात अडकला, तर पोर मुकाट खुल्या वर्गात. तिथं त्याच मार्कांचा चान्स वेगळा. पण क्लासवाले दाखल्यांची टेस्ट सिरीज काढत नाहीत.

पवईच्या आयआयटीवाल्यांचं बरं असतं. तिथं कॉम्प्युटर सायन्सची खुल्या वर्गातली दारं पहिल्या शंभरातच बंद होतात. "चान्स आहे का" विचारायला कुणी येतच नाही.

बाकीच्यांसाठी फॉर्ममध्ये तीनशे पर्याय भरता येतात. पहिल्या तिनांवरून घरात भांडण होईल, उरलेले कुणीतरी व्हॉट्सॲपवरच्या यादीतून उतरवून घेईल. चालेल. फक्त भरून झाल्यावर फॉर्म कन्फर्म करायचा असतो. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो आणि बाबा त्या वेळी काकांशी फोनवर बोलत असतात.