येलदरीचा कप्तान

परभणीला समुद्र नाही, ही गोष्ट एकट्या कप्तानानं अजून मान्य केलेली नाही. समुद्र इथून रेल्वेनं एका रात्रीवर. पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर प्लॉट सोडून भलतंच काही घेणारा जो माणसाचा वाण असतो, त्यातला हा. त्यानं मुंबईहून जुनी 'एंटरप्राइज' आणली. सव्वातेरा फूट लांब, दोघांनी चालवायची, जॅक होल्ट या इंग्रजानं १९५६ साली आखलेली शिडाची बोट. सोबत ट्रेलर.

"काका, ॲव्हरेज किती द्यायली हो?" गल्लीतला पहिला प्रश्न.

"इंजिनच नाही. वाऱ्यावर चालते."

"मग पैसे कशाचे घेतले?"

कप्तानाची सकाळ पेपरातल्या धरणसाठ्यानं उजाडते. जिंतूर तालुक्यातलं, पूर्णा नदीवरचं १९६८ सालचं येलदरी धरण. क्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर. वाढलेला प्रत्येक दलघमी तो आपल्याच पासबुकात जमा झाल्यासारखा वाचतो. अडचण एवढीच, की जून-जुलैत वारा बेफाम असतो तेव्हा धरण तळाला. भरलंच, तर गणपती-नवरात्राच्या सुमारास. आणि ऑक्टोबरात पाणी काठोकाठ असतं, तेव्हा वारा गावाला गेलेला असतो.

तरी तो निघतो. डोलकाठी बोटीहून लांब, म्हणून ती आडवी बांधून टोकाला लाल फडकं. ॲल्युमिनियमची असल्यानं विजेच्या तारा नसलेली जागा बघूनच ती उभी करायची. परवानगीचा कागद लॅमिनेट केलेला. जिंतूरमार्गे साठेक किलोमीटरांत चहाच्या प्रत्येक टपरीवर एकच चौकशी: "कुठं पूर आलाय का?"

खरी परीक्षा काठावर. ट्रेलर मागं घेताना स्टेअरिंग डावीकडं वळवलं, की बोट उजवीकडं निघते. कप्तानाला हे पाठ आहे, हातांना नाही. चार वेळा मागं-पुढं झाल्यावर चाकं काळ्या मातीत रुततात आणि शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दिलीप दोंदे 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये नऊ महिन्यांत एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. कप्तानाची बोट परभणीहून येलदरीच्या पाण्यात पोचायला दीड वर्ष गेलं. तीही बुडाचं बूच घरीच राहिल्यानं पोचताच भरू लागली. भोकात तेव्हा रुमाल कोंबला होता. आता बूच किल्ल्यांच्या जुडग्यात असतं.

पाण्यात मात्र तो वेगळाच. शीड भरलं, दोरी ताणली, पोटातली फळी खाली सोडली, की आवाज पाण्याचा तेवढा. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं तिरपं जावं लागतं. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं सोडणारा भोई हे बराच वेळ बघतो. "सरळ यायचं सोडून प्रदक्षिणा कशाला घालायलात, काका?"

कप्तान उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि वारा पडतो. मग तराफ्याला दोरी बांधून बोट काठाला येते.

उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याकडं सरकतं आणि बोट ताडपत्रीखाली जाते. शीड गच्चीवर असतं. त्यावर कुरडया.

"अगं, उन्हानं कापड जातं त्याचं!"

"मग धरणावर काय सावलीत असतंय का ते?" असं म्हणत काकू साच्यातून पुढची कुरडई पाडतात.