वादापुरता बिघाड

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रीमियर पद्मिनीच्या उघड्या बॉनेटभोवती चार-पाच गृहस्थ दिसले, की बघणाऱ्याला वाटतं, यांना जुन्या गाड्यांचं वेड असणार आणि ऐन सुट्टीत गाडी बंद पडल्यामुळे बिचारे अडचणीत असणार. दोन्ही अंदाज चुकतात. पद्मिनीवाल्याचं प्रेम जुनेपणावर नसतं, आणि अडचणीत तर तो मुळीच नसतो. त्याला हवा असतो ज्यावर वाद घालता येईल असा बिघाड. असा बिघाड पुरवण्यात कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाडीचा हात धरणारं दुसरं वाहन भारतात झालं नाही.

इंजिन 1089 सीसीचं. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर, आणि आजूबाजूला एवढी मोकळी जागा की चार जणांची बोटं एकाच वेळी चार ठिकाणी रोखता येतात. गाडी मिसिंग मारू लागली की लगेच दोन पक्ष पडतात. पेट्रोल पक्षाच्या मते कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकलेला असतो. करंट पक्षाच्या मते डेल्कोतले पॉइंट गेलेले असतात. आणखी एक जण हाताची घडी घालून नुसता आवाज ऐकत असतो. तो शेवटी ‘टॅपेट’ एवढंच म्हणतो. गंमत अशी, की या वयाच्या गाडीत एकटादुकटा दोष राहतच नाही, त्यामुळे तिघांचंही थोडंथोडं खरं निघतं आणि प्रत्येक जण आपलंच निदान बरोबर ठरल्याच्या समाधानात जेवायला घरी जातो. नव्या गाडीला हे सुख नाही. तिथे स्कॅनर जोडला की कोड येतो, आणि कोडशी कोण भांडणार? म्हणूनच हाच माणूस रोज ऑफिसला ज्या गाडीतून जातो, तिचं बॉनेट एकदाही न उघडता ती मुकाट्याने सर्व्हिस सेंटरला देतो.

याहून पक्का पुरावा पॉइंटचा. पॉइंट झिजतात, त्यांचा गॅप पुन्हा लावावा लागतो. शिस्तीचा माणूस तो फिलर गेजने लावतो, अनुभवी माणूस घडी घातलेल्या व्हिजिटिंग कार्डाने. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं की ही कटकटच संपते. पण ते सुचवून पाहा! ‘ओरिजिनल राहणार नाही,’ असं बाणेदार उत्तर येतं. उत्तर देणाऱ्याच्या गाडीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आलेला असतो, टायर रेडियल असतात, हेडलाइट तर कोणत्या गाडीचे ते विचारूच नये. म्हणजे ओरिजिनलचं सोवळं नेमकं त्याच वस्तूपुरतं पाळलं जातं, जी आली की रविवारचा विषय संपेल.

यावर कोणी म्हणेल, की मग गाडीत बदल करणाऱ्यांचं काय? ते 118 एनईचं 1171 सीसीचं निस्सान इंजिन बसवतात, स्टेअरिंगवरचा गिअर खाली आणतात, पुढे डिस्क ब्रेक लावतात. त्यांना तरी गाडी नीट चाललेली हवी असेल ना? माझ्या मते हे लोक वादाचे ग्राहक नाहीत, उत्पादक आहेत. मूळ गाडीबद्दल भांडण फार वाढलं तर कंपनीच्या मॅन्युअलचं पान दाखवून ते मिटवता तरी येतं. एका गाडीत दुसरीचं इंजिन गेलं की उत्तर देणारं पुस्तकच उरत नाही. माउंटिंग कुठे घ्यायचं, रेडिएटर पुरेल का, सगळंच खुलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. त्यामुळे पान्याने न सुटलेला प्रश्न पुढे आरसी बुकावर चालवता येतो.

पैसे वाचतात, हा बचाव ते स्वतःच फार जोरात करत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारातून तीन कार्बोरेटर आणणारा माणूस (एक बसवायला, एक सुट्या भागांसाठी आणि एक ‘पुन्हा मिळायचा नाही’ म्हणून) बचतीबद्दल कोणत्या तोंडाने बोलणार? एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. यांचं ज्ञान खोटं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, आणि त्या टॅक्सींवर हात बसलेल्या मिस्त्रींचं मुख्य गिऱ्हाईकच गेलं. भर उन्हात घाटात पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबली तर पंपावर ओलं फडकं टाकून वाट पाहायची, हे आता या हौशी मंडळींनाच ठाऊक असतं. फडकं किती ओलं असावं, यावर अर्थात एकमत नाही.

सरकारला यांची ओळख पटली आहे, असं मानायला जागा आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिन मुळातलंच राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. सुरुवातीच्या पद्मिनी नुकत्याच त्या वयात आल्या आहेत, त्यामुळे कोणाची गाडी बसते आणि कोणाची नाही, यावर बॉनेटभोवती नवे पक्ष पडले आहेत. अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायला मनाई आहे. रॅलीला किंवा प्रदर्शनाला न्यायला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायला मात्र परवानगी आहे.