परागंदा जासूद

पिंपरीहून चाकण ही वीसएक किलोमीटरांची वाट. परंतु ती एका स्नेह्याच्या मालमोटारीतून, आणि तीही नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या टर्बोच्या मालमोटारीतून, कापण्याचा योग ज्याच्या पत्रिकेत असेल, त्याने चारधामाचा निराळा खर्च न केला तरी चालेल. सपाटीवर गाडी मोठ्या मर्यादशीलपणे चालली होती. भोसरीच्या उड्डाणपुलाची चढण लागून चालकमामांनी पाय दाबला मात्र, तिला ठसका लागला, सायलेन्सरात एक फटाका वाजला आणि मामा शांतपणे वदले, "साहेब, पिकअप मेला."

भोसरी एमआयडीसीतल्या एका गॅरेजात रवानगी झाली. तिथल्या तरुणाने लॅपटॉप जोडून निदान केले : लोडवर मिक्श्चर लीन. एक किलो मिथेन पुरता जळायला सुमारे 17.2 किलो हवा लागते. येथे पंगतीला पाने फार आणि आमटी थोडी, असा प्रकार होता. डिझेलला या दारिद्र्याची जन्मजात सवय असते, पण ठिणगीवर जगणाऱ्या एंजिनाला ते सोसत नाही. आधी झटके, मग उष्णता, आणि दुर्लक्ष केल्यास एखाद्या व्हॉल्व्हचे और्ध्वदेहिक. तरुणाने लॅपटॉपवरच्या इंधनाच्या नकाशात चढणीपुरता वायू वाढवला. आम्ही पुलावर जाऊन ठसकून आलो. पुन्हा वाढवला, पुन्हा ठसकून आलो.

तोवर कोपऱ्यात चहा पिणारे मिस्तरी उठले. त्यांनी सिलिंडरचा दाब पाहिला, फिल्टर उघडून झटकला, सांध्यांना साबणाचे पाणी लावले आणि अखेरीस पेन्सिलीएवढ्या जाडीची एक रबरी नळी चिमटीत धरून वाकवली. रेग्युलेटरच्या पितळी तोटीवर बसणारे तिचे टोक उष्णतेने कडक होऊन अर्धा इंच उभे चिरले होते. धुराच्याच जोरावर एंजिनात हवा कोंबण्याच्या युक्तीचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 सालीच घेतले. पण हवेचा दाब चढला, आता वायूचाही तितकाच चढवावा, ही खबर मॅनिफोल्डच्या दरबारातून रेग्युलेटरच्या कचेरीत पोचवणारा जासूद म्हणजे ही नळी, आणि जासूदच परागंदा झाल्यावर बिचाऱ्या अंमलदाराने जुन्याच हुकुमानुसार रतीब घातला, यात त्याचा कसूर कोणता? सपाटीवर दरबारात विशेष खबर नसतेच. तेथे ही अंदाधुंदी खपून जाई.

मिस्तरींनी चिरलेला अर्धा इंच ब्लेडने उडवला, नळी पुन्हा बसवून क्लिप आवळली आणि "आता तुझा वाढीव गॅस काढ रे," एवढेच बोलले. तरुणाने तो मुकाट्याने काढला.

मोशी ओलांडली, इंद्रायणी मागे पडली, चढणींवर गाडी अशी सुसाट निघाली की मामांनी मिशीवर हात फिरवला. मग चाकणचा तळेगाव चौक आला. 1660 साली येथल्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले होते. आम्हाला त्या चौकातल्या कंटेनरांनी दोन तास थोपवले. त्या दोन तासांत एंजिन अत्यंत निरोगीपणे, एकही ठसका न देता, आयडलवर चालू होते. आयडलवर त्याला कधी काही झालेच नव्हते.